बारावी-डी.एड. बाई की एम.ए.-बी.एड. सर? शिक्षकाच्या पदवीवरून चौथीपर्यंतच्या मुलांचं शिकणं ठरतं का?

शिवनेरीची_आई:

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट ३८, शिक्षक दोन. माझी मुलगी तिसरीत आहे, मुलगा पहिलीत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, पण माझं शिक्षण बारावीपर्यंतच झालंय, म्हणून इथल्या जाणत्या लोकांना विचारतेय.

आमच्या बाई २००३ साली शिक्षणसेवक म्हणून लागल्या. तेव्हा महिना ३,००० रुपये मानधन होतं, तीन वर्षं तेवढ्यावर काढली त्यांनी. शिक्षण बारावी आणि डी.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका. त्यांच्याकडे पहिली-दुसरी. दुसरे सर २०२४ च्या भरतीत पवित्र पोर्टलवरून आले. डी.एड. आहेच, शिवाय एम.ए., बी.एड., टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास, अभियोग्यता चाचणीत चांगले गुण. त्यांच्याकडे तिसरी-चौथी.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. बाईंची बारा वर्षं उरलीत. ही बातमी गावाच्या ग्रुपवर फिरली आणि मागच्या बैठकीत एक पालक सरळ म्हणाले, "म्हणजे आपली पोरं इतकी वर्षं अपात्र बाईच्या हाताखाली होती." बाई तिथेच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, हजेरीपत्रक चाळत राहिल्या. मला ते फार लागलं.

आता मागणी अशी आहे की पहिलीसुद्धा सरांकडे द्यावी. दोन घरं तर मुलांना इंग्रजी शाळेत घालायला निघालीत, "तिथल्या सगळ्या मॅडम ग्रॅज्युएट आहेत" म्हणून.

मला जे दिसतं ते असं. माझी मुलगी पहिलीत बाईंकडे होती, दिवाळीच्या सुट्टीत एसटीवरच्या पाट्या वाचायला लागली. आता ती सरांकडे आहे. सर मनापासून शिकवतात, वेळेच्या आधी येतात, मुलांना ग्रहताऱ्यांचं इतकं छान सांगतात की मुलगी रात्री अंगणातून आत यायला तयार नसते. पण हातच्याची वजाबाकी तिला अजून येत नाही. रोज सात-आठ गणितांवर लाल फुल्या.

शनिवारी पुन्हा बैठक आहे आणि मला बोलायचंय. पदवी जास्त तर मुलं जास्त शिकतात, असं खरंच कुणी तपासून पाहिलंय का?

---

आकडेमोड:

ताई, मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, पुण्यात. तपासून पाहिलंय, बऱ्याच ठिकाणी.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या शाळांवर रिव्हकिन, हानुशेक आणि केन यांचा २००५ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. शिक्षका-शिक्षकांत फरक मोठा निघाला. एकाच्या वर्गातली मुलं वर्षभरात पुष्कळ पुढे जातात, दुसऱ्याच्या नाही. पण हा फरक पदव्युत्तर पदवीवरून ओळखता आला नाही. अनुभवाचा फरक दिसला तो मुख्यतः नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत.

आपल्याकडचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा. ग्रामीण आंध्र प्रदेशातल्या १०० सरकारी शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून त्यांना एकेक जादा कंत्राटी शिक्षक दिला. हे शिक्षक कायम शिक्षकांपेक्षा कमी शिकलेले, प्रशिक्षणही कमी, पगार साधारण पाचवा हिस्सा. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या पुढे होती. कंत्राटी शिक्षक बहुतेक जवळपासचेच होते आणि त्यांची गैरहजेरी कमी होती.

पण यावरून "मग प्रशिक्षण कशाला हवं" असं कुणी म्हणायला लागलं तर ते चूक ठरेल. शिक्षक जादाचा होता, त्यामुळे वर्गातली गर्दीही कमी झाली होती. आणि पाचव्या हिश्श्याच्या पगारावर माणसाला आयुष्यभर राबवणं न्यायाचं नाही. तुमच्या बाईंनी ती तीन वर्षं काढलीच आहेत.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास पेरू देशातला, मेट्झलर आणि व्योसमान यांचा, २०१२ चा. त्यांनी सहावीची अशी मुलं घेतली ज्यांना भाषा आणि गणित एकच शिक्षक शिकवत होता, आणि त्या शिक्षकांचीही दोन्ही विषयांत परीक्षा झालेली होती. शिक्षकाचं गणित पक्कं असेल तर त्याची मुलंही गणितात पुढे, असं स्पष्ट दिसलं. भाषेत तितकं ठामपणे दिसलं नाही. म्हणजे विषय येण्याला अर्थ आहे, फक्त तो पदवीच्या कागदावरून कळत नाही.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख:

ताई, मी सातारा जिल्ह्यात १४ वर्षं शिक्षक आणि नंतर ११ वर्षं केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करायचो. तुमच्या मुलीच्या लाल फुल्यांबद्दल वाचलं आणि लिहायला बसलो.

शाळाभेटीला गेलो की शेरेपुस्तक उघडण्याआधी मी दोन गोष्टी करायचो. एक, 'किशोर'चा जुना अंक पिशवीत असायचा, त्यातला मुलांनी न पाहिलेला परिच्छेद वाचायला द्यायचा. पाठ्यपुस्तकातला धडा मुलं पाठ म्हणतात, त्यातून वाचन कळत नाही. दुसरं, तिसरीच्या फळ्यावर एकच गणित लिहायचो: ५२ वजा २७.

उत्तर २५. पण दर वर्गात पाच-सहा मुलं ३५ लिहितात. तुमच्या मुलीची वही उघडून बघा, बहुतेक असंच काही सापडेल.

आता हे ३५ आलं कुठून? एका मुलाला दोनातून सात जात नाहीत हे दिसतं, म्हणून ते उलटं करतं, सातातून दोन काढतं, पाच. मग पाचातून दोन, तीन. झाले ३५. दुसऱ्या मुलाला हातचा माहीत आहे. ते दशकाकडून एक घेतं, बारातून सात काढतं, पाच. पण दशकाचा एक कमी करायला विसरतं, पाचातून दोन, तीन. पुन्हा ३५! वहीवर दोघांचं उत्तर एकच, फुलीही एकच. पण पहिल्या मुलाला बावन्न म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे हेच उमगलेलं नाही, त्याला काड्यांच्या गठ्ठ्यांपर्यंत मागे न्यावं लागतं. दुसऱ्याला सगळं उमगलंय, फक्त शेवटची एक पायरी निसटते. त्याला गठ्ठे दिले तर त्याचे दोन दिवस वाया जातील.

ओळखायचं कसं? मुलाला विचारायचं, "कसं केलंस, मला सांग." तेही नको असेल तर ५३ वजा २७ द्यायचं. पहिलं मूल ३४ लिहील, दुसरं ३६.

माझ्या केंद्रात गणितात एम.एस्सी. झालेले एक गुरुजी होते. हुशार माणूस, नवोदयच्या परीक्षेला मुलं बसवायचे, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हे ३५ पाहिलं की ते फळ्यावर बरोबर रीत पुन्हा एकदा करून दाखवायचे. त्यांना स्वतःला ते गणित इतकं सहज यायचं की ते न येणं कसं असतं हे त्यांना आठवतच नव्हतं. शेजारच्या वस्तीशाळेत बारावी-डी.एड. बाई होत्या. त्यांच्या टेबलाच्या खणात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले असायचे आणि एक जुनी वही, त्यात मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे "उलटं करतो", "शून्याला अडतो", "हातचा विसरते" अशा नोंदी. ती वही बघायला मी दोन शाळांचे शिक्षक नेले होते. असल्या वहीला कुठल्या पदवीत गुण नाहीत.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर अर्धं सांगितल्यासारखं होईल. बारावी-डी.एड. असलेल्या पण वीस वर्षं एकच टाचण उतरवणाऱ्या शिक्षकांच्या शेऱ्यांवरही मी सह्या केल्यात. त्याचं मला आजही वाईट वाटतं. कमी पदवी म्हणजे मुलांच्या जवळचा, असंही काही नसतं.

२०१४-१५ च्या सुमारास आमच्या जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे शाळांचा एक गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक यायचे. मीही गेलो होतो. पहिलीची मुलं जमिनीवर बसून स्वतः शब्द जुळवत होती, शंभर मण्यांच्या माळेवर बेरजा करत होती. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ते उभं केलं होतं. शिक्षक कोण? जिल्हा परिषदेचेच, आमच्यासारखे डी.एड. झालेले. कागदावरची पात्रता आमचीही तीच होती. फरक एवढाच होता की ते आपापसांत बसून मूल कुठे अडतंय याबद्दल बोलत होते आणि आम्ही बैठकीत बसून तक्ते भरत होतो.

म्हणून शनिवारी कुणाची पदवी मोठी यावर बोलू नका. सरांना विनंती करून एक तास वर्गात मागे बसा आणि ३५ चं काय होतं ते बघा.

---

रात्रीचा_अभ्यास:

शिवनेरीच्या आई, मी तुमच्या बाई नाही, पण त्यांच्या जागी मी असू शकते. २००४ ची शिक्षणसेवक, आता नगर जिल्ह्यात. सध्या रात्री साडेनऊनंतर टीईटीचा अभ्यास करते.

पेपर एकचं स्वरूप असं: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. वीस वर्षं पहिलीची मुलं वाचती केली आणि आता मला परीक्षेला बसा म्हणतात. त्यात २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा हजारो उमेदवार त्यात सापडले होते. त्या कागदावर आपली लायकी ठरणार, हे पचायला जड जातं.

पण अभ्यासाला बसल्यावर काही गोष्टी मान्य कराव्या लागल्या. अपूर्णांकांचा भाग मला स्वतःला कच्चा होता. चौथीला मी तो नेहमी घाईत उरकत आले, कारण मलाच भीती वाटायची. आता माझ्या मुलीकडून भाकरीचे तुकडे करून शिकले आणि या वर्षी वर्गात पहिल्यांदा निवांत शिकवला. इतक्या वर्षांची मुलं माझ्या भीतीमुळे अपूर्णांकात कच्ची राहिली असतील, हा विचार मला झोपू देत नाही. वरच्या ताईंनी पेरूचं सांगितलंय ते मला पटतं. विषय यायला हवाच.

आणि डी.एड.ला कमी समजू नका. माझी नणंद बी.कॉम. आहे, डी.एड. नाही. एका इंग्रजी शाळेत पहिलीला शिकवते, पगार माझ्या घरकामवालीपेक्षा फार जास्त नाही. बिचारी जीव तोडून शिकवते, पण पहिलीच्या मुलाला एका जागी किती वेळ बसवायचं, अक्षर आधी की शब्द आधी, चुकल्यावर काय करायचं, हे तिला कुणी कधी शिकवलंच नाही. मी छात्राध्यापिका असताना पाठ घ्यायचे आणि मागे बसलेल्या मॅडम वहीत लिहायच्या: "तुम्ही फळ्याशी बोललात, मुलांशी नाही." ते एक वाक्य मला बावीस वर्षं पुरलंय. "सगळ्या मॅडम ग्रॅज्युएट" म्हणणाऱ्यांना विचारा, पहिलीला शिकवायचं कसं हे त्यांतल्या किती जणी शिकल्यात? ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, कारण लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना "अपात्र" म्हणणाऱ्यांना एवढं तरी सांगा, की त्या लागल्या तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती. आपल्या राज्यात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली.

---

सातपुड्याचा_मास्तर:

धडगाव तालुक्यातून लिहितोय. इथे पहिलीत येणारी मुलं घरी पावरी बोलतात. मी मराठवाड्यातला, एम.ए. मराठी. पहिलं वर्षभर मुलं माझ्याकडे नुसती बघत बसायची आणि मला वाटायचं मुलं बुजरी आहेत. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून रोज दहा शब्द शिकायला लागलो, तेव्हा तीच मुलं बोलायला लागली. माझ्या एकाही प्रमाणपत्रावर ती भाषा नाही आणि बदलीच्या अर्जातही तिला रकाना नाही. ती येत नव्हती तोपर्यंत माझी एम.ए. त्या वर्गात निरुपयोगी होती.

---

शिवनेरीची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

गुरुवारी सरांना विचारून तिसरीच्या वर्गात मागे बसले. आधी ते जरा अवघडले, मग मी त्यांना केंद्रप्रमुख सरांचं उत्तर मोबाइलवर वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. स्वतःच उठून फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलं. तिसरीत अकरा मुलं आहेत. पाच जणांचं ३५ आलं, त्यात माझी मुलगी. मग सरांनी ५३ वजा २७ दिलं. तीन मुलांनी ३४ लिहिलं आणि दोघांनी ३६. माझ्या मुलीचं ३६!

सर त्या पाच पाट्या टेबलावर ओळीने मांडून बराच वेळ बघत उभे होते. मग शेजारच्या वर्गात जाऊन बाईंना म्हणाले, "बाई, तुमचे काड्यांचे गठ्ठे आहेत का?" आमच्या बाईंच्याही खणात ते होते. बाईंनी येताना गठ्ठेच नाही, ती तीन मुलं पहिली-दुसरीत कुठे अडायची तेही सांगितलं. सर वहीत लिहून घेत होते. दोन वर्षं दोघं एका भिंतीच्या अल्याड-पल्याड शिकवतायत आणि हे बोलणं पहिल्यांदा झालं, असं बाई नंतर मला म्हणाल्या.

शनिवारच्या बैठकीत मी पाच पाट्यांचीच गोष्ट सांगितली. ज्या पालकांनी "अपात्र" म्हटलं होतं त्यांचा मुलगा त्या ३४ वाल्यांत होता. त्यांनी दोन्ही गणितं स्वतः कागदावर करून पाहिली. पहिली बाईंकडेच राहिली. इंग्रजी शाळेत निघालेल्या दोन घरांपैकी एक थांबलं, दुसरं जाणार आहे, त्यांचं ठरलेलंच होतं.

बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर सर बाईंना टीईटीचं गणित आणि इंग्रजी सांगणार आहेत आणि बाई सरांबरोबर तिसरीच्या वह्या बघणार आहेत. पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायला मी आणि बचत गटातली एक मैत्रीण मदत करू म्हटलंय. रोज तासभर तरी त्यांचा त्यात जातो.

केंद्रप्रमुख सर, एक विचारू का? माझा पहिलीतला मुलगा एकोणसाठ म्हटलं की ६९ लिहितो, आणि पंचवीस म्हटलं की ५२. हे काय होतंय?

---

निवृत्त_केंद्रप्रमुख:

ताई, तो ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहितोय. पंचवीसमध्ये आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, तो त्याच क्रमाने लिहितो. एकोणसाठमध्ये त्याला 'साठ' ऐकू येतं, म्हणून सहा आधी. मराठीतल्या संख्यानामांची ही अडचण खरीच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचायला दिलं होतं ते याचसाठी. डॉ. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा!

घरी असं करा. शंभर मण्यांची माळ ओवा, दहा लाल, दहा पांढरे, अशी. साठावर दोऱ्याची गाठ बांधा. "साठाला एक कमी, म्हणजे एकोणसाठ" असं म्हणत त्याचं बोट एक मणी मागे न्या. तीस, चाळीस, पन्नास सगळ्यांना तेच. अंक लिहायला आठ दिवस लावूच नका, नुसतं बोट फिरू दे. आणि हे करण्याआधी बाईंना विचारा, त्यांनी वर्गात काही वेगळी रीत धरली असेल तर घरीही तीच ठेवा.